कारवीच्या भिंतींचा वॉर्ड

लोणावळ्यात घराला चार भिंती असल्या तरी काळजी एकीचीच करावी लागते, पश्चिमेच्या. पाऊस तिकडून येतो आणि वरून कमी, आडवा जास्त येतो. मुंबईचे लोक डोंगर दिसावा म्हणून नेमकी त्याच बाजूला मोठी खिडकी मागतात आणि एका पावसाळ्यानंतर तिला फळ्या ठोकायला सांगतात. तीस वर्षे मी या गावात आणि आसपासच्या मावळात बंगले, गोठे, एक धर्मशाळा आणि दोन शाळा यांच्या बांधकामांवर देखरेख केली. त्याआधी दोन वर्षे पुण्याच्या एका वृत्तपत्रात बातमीदार होतो. तिथली एक सवय राहिली. कोणी काय सांगितले आणि आपण स्वतः काय पाहिले, हे वहीत वेगवेगळे लिहायचे. खालचा मजकूर त्या वह्यांवरून आहे.

या अंकासाठी दगडी बंगल्यांविषयी लिहावे, अशी संपादकांची सूचना होती. दगडी बंगले चांगले आहेत, त्यांची छायाचित्रेही चांगली येतात. पण देखरेखीखालच्या कामांपैकी एकच निवडायला सांगितले, तर मी बारा खाटांचा एक वॉर्ड निवडीन. त्यात पायाचा दगड सोडला तर टिकाऊ म्हणावे असे काही नव्हते. तो कारवी, बांबू, माती, शेण आणि गवत यांचा होता.

ही बांधणी मावळाबाहेरच्या वाचकाला ठाऊक नसेल. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवरचे झुडूप आहे. सात वर्षांनी एकदा फुलते. तिच्या काठ्या अंगठ्याएवढ्या जाड आणि सरळ असतात. त्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या, बांबूच्या आडव्या कामट्यांनी दोन्ही बाजूंनी आवळायच्या, अंबाडीच्या दोरीने बांधायच्या. या भिंतीला कूड म्हणतात. त्यावर माती, शेण आणि भाताचे तूस यांचा लेप बसतो, ते लिंपण. वर बांबूचा सांगाडा आणि त्यावर डोंगरी गवत, ते शाकारणे. अशी भिंत जुनी झाली की मोडून भाताच्या खाचरात टाकतात. दोन पावसाळ्यांत तिचे खत होते. पाडलेल्या विटांच्या बंगल्याचे काय करायचे, हे अजून कोणी मला सांगितलेले नाही.

मी हे कुठल्या पुस्तकात वाचले नाही. कुसगावच्या वर डोंगराच्या खांद्यावर ठाकरांची वाडी आहे. तिथले हिरूआबा बांबूचे आणि कुडाचे काम करीत. त्यांची धाकटी बहीण चिमामावशी लिंपणाची. दोघांशी ओळख झाली ती माझ्या एका फजितीमुळे.

मुंबईचे एक शेठ होते. त्यांना बंगल्याच्या बागेत चहा घेण्यासाठी एक झोपडी हवी होती. झोपडी खरी वाटली पाहिजे, पण वैशाखात पाहुणे यायच्या आत तयार झाली पाहिजे, अशी अट होती. मी चैत्रात आबांकडे बांबू मागायला गेलो.

आबा म्हणाले, "चैतात बांबू तोडू नगा, भाऊ. आत्ता त्याच्या आंगात गोडवा हाय. किडा आंधळा नसतो."

शेठ बरोबर होते. ते हसून म्हणाले, "किड्याला काय पंचांग कळतं?"

"किड्याला न्हाई कळत," आबा म्हणाले. "बांबूला कळतं."

शेठना घाई होती आणि मी त्यांचा नोकर होतो. बांबू दुसरीकडून आणले. वैशाखात झोपडीचे कौतुक झाले. भाद्रपदात शेठचे पत्र आले: "तुमची झोपडी आमच्या चहात पडते आहे." जाऊन पाहिले. प्रत्येक वाशाला टाचणीएवढी भोके पडली होती आणि पिवळी भुकटी कपात, बशीत, शेठच्या टोपीवर पडत होती. वाशाला बोटाने दाबले तर बोट आत गेले.

झोपडी उतरवली. दिवाळी झाल्यावर आबांनी वद्य पक्षात मेस जातीचे बांबू तोडले आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली तीन आठवडे बुडवून ठेवले. या काळात त्यांना असा वास सुटतो की माणूस ओढा ओलांडायचे टाळतो. शेठच्या पत्नीने नाकाला पदर लावून विचारले, हे आमच्या बागेत येणार? आबा म्हणाले, "गोडवा जातो तवा वास सोडून जातो, बाई." वाळल्यावर वास गेला. त्या झोपडीत मी पुढे अनेक वर्षे चहा घेतला आणि कपात चहाखेरीज काही पाहिले नाही.

वॉर्डचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या काळातले. लोणावळ्याच्या पुढे एका सरकारी माळावर एक निवृत्त डॉक्टर छातीच्या रोग्यांना हवेसाठी ठेवीत. बारा रोगी होते. बहुतेक मुंबईच्या चाळींतले, दोन गिरणीतले. ते राहुट्यांत राहत होते. राहुटी लोणावळ्याच्या आषाढात टिकत नाही. डॉक्टरांनी पत्र्याच्या वॉर्डचा नकाशा केला आणि पत्र्यांसाठी अर्ज केला. कार्तिकात उत्तर आले की पत्रा युद्धाच्या कामासाठी आहे, मिळणार नाही. सिमेंटच्या फक्त चार पिशव्या मंजूर झाल्या.

डॉक्टर माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात तो कागद होता. ते म्हणाले, "पावसाआधी छप्पर झालं नाही तर या बाराजणांना घरी पाठवावं लागेल. चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत. म्हणजे रोग बाराजणांपुरता राहणार नाही, त्यांच्या घरच्यांनाही लागेल."

मी त्यांना घेऊन वाडीवर गेलो. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि महिना विचारला. कार्तिक वद्य, मी म्हणालो.

"मंग बसलाय काय हितं? चला तोडाया."

बांबू तोडले गेले, ओढ्यात बुडाले, वास सुटला. कारवी पौषात उतरली. खांबांसाठी ऐनाचे लाकूड मिळाले. माघात खांब उभे करायला सुरुवात झाली आणि तिथे मी माझ्या नोकरीतली सर्वांत खात्रीने केलेली चूक केली.

जागा सरकारी असल्याने वॉर्डमध्ये रोगी ठेवायला सरकारी इंजिनियरचा दाखला लागणार होता. कागदावर गवत, शेण, कारवी एवढेच दिसले तर ते गृहस्थ पुढे वाचणार नाहीत, असे मला वाटले. कागदावर सिमेंट हा शब्द हवा होता. म्हणून त्या चार पिशव्यांतून प्रत्येक खांबाचा पाय सिमेंटमध्ये बसवायचे ठरवले. मला ते मजबूतही वाटत होते. सहा खांब तसे बसवले.

आबांनी मला अडवले नाही. ही त्यांची पद्धत होती. माणूस चुकत असला तर चूक पुरी होऊ द्यायची. दहा-बारा दिवसांनी, लाकूड उन्हाने वाळल्यावर, त्यांनी मला सकाळी एका खांबापाशी बोलावले. खांब आणि सिमेंट यांच्यामध्ये नखाएवढी फट पडली होती. आबांनी तिच्यात तांब्याभर पाणी ओतले.

"आता न्ह्यारी करून या."

मी न्याहारी करून आलो, दुसरे काम पाहून आलो. दुपारी पाणी तिथेच होते.

आबा म्हणाले, "लाकूड सुकलं की आवळतं. सिमेट आवळत न्हाई. तुमी खांबाला वाटी दिली, भाऊ. चार म्हैने पान्यात पाय ठिवून उभा ऱ्हायला तर मानसाचा बी पाय कुजतो."

चिमामावशी शेजारी माती तुडवीत होती. ती म्हणाली, "दादा, त्यास्नी आजून एक तांब्या दाव की. शिकल्याल्या मानसाला दोनदा सांगावं लागतं."

घणाने त्या सहाही वाट्या फोडल्या. युद्धाच्या काळात दीड पिशवी सिमेंट असे वाया घालवल्याचे मला आजही वाईट वाटते. खांब मग वाडीच्या रीतीने उभे केले. प्रत्येक खांबाखाली एक सपाट दगड, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे पाणी लागले तरी वारा लगेच सुकवतो. कारवीचे बूडही जमिनीत नाही, दगडावरच्या लाकडी पट्टीवर. उरलेले सिमेंट डॉक्टरांच्या हात धुण्याच्या जागेला वापरले. ते तिथेच शोभत होते.

लिंपणाची माती मावशीने अकरा दिवस कुजवली. लाल मातीत पेंढ्याचे तुकडे, तूस आणि शेण घालून ती रोज पाणी मारून पायाने तुडवायची. आठव्या दिवशी मी विचारले, आता चालेल का? तिने एक गोळा करून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "वास घ्या." मी घेतला. "वंगाळ हाय का?" हो, म्हणालो. "आजून वंगाळ व्हायला पायजे." न कुजलेल्या मातीला भेगा पडतात. कुजलेल्या मातीत पेंढा गळून चिकट होतो आणि भिंत एकजीव धरते. हे मी पुढे स्वतः दोन नमुने करून पाहिले. ती म्हणाली तसेच झाले.

एका ठिकाणी आमचा पुन्हा खटका उडाला. मावशी भिंत पुरुषभर उंचीपर्यंतच लिंपत होती. वर वळचणीखाली दीड हात कारवी उघडीच ठेवीत होती. रोग्यांना वारा लागेल म्हणून मी वरपर्यंत लिंपायला सांगितले. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी ती उघडी जागा पाहिली, हात वर करून वारा पाहिला आणि मला गप्प बसवले.

"छातीच्या रोग्याला हेच पाहिजे. अंगाला झोत नको, पण खोलीतली हवा हलती हवी. परदेशी पुस्तकांत याच्यावर पानेच्या पाने आहेत. मावशी, तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"कुनी न्हाई. चुलीचा धूर कुटनं जायाचा मंग?"

फाल्गुनात इंजिनियरसाहेब पुण्याहून आले. सडपातळ, नेमके बोलणारे गृहस्थ. त्यांनी अर्धवट वॉर्डभोवती एक फेरी मारली आणि मी ज्या कागदावर इतका विचार केला होता तो न उघडताच परत दिला.

"हे पेटेल. बारा रोगी आत असताना पेटेल. याला मी दाखला देऊ शकत नाही."

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. गवत पेटते. डॉक्टर खाली पाहू लागले. मग मावशी पुढे झाली. तिच्या हातांना कोपरापर्यंत माती होती.

"सायेब, आमच्या भितीला इस्तू लावून बगा की. मंग बोला."

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग शिपायाला गवत आणायला सांगितले. लिंपण वाळलेल्या एका सुट्या नमुन्याच्या कुडाला टेकवून त्याने छातीएवढा ढीग रचला आणि पेटवला. जाळ भिंतीच्या वर गेला. साहेब दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि भिंतीवर हात ठेवला. ढीग जळून राख होईपर्यंत त्यांनी तो काढला नाही. भिंत काळी झाली, दोन ठिकाणी पापुद्रा उडाला. आतली कारवी दिसलीही नाही.

"कोमट आहे," साहेब म्हणाले.

"त्याच्यावं भाकर बी भाजायची न्हाई," मावशी म्हणाली.

छपराच्या खालच्या अंगालाही बांबूचा तट्ट्या घालून मातीचा थर द्यायचे आणि चूल शंभर पावलांवर ठेवायचे ठरले. साहेबांनी दाखला लिहिला, पण त्यात चार शब्द घातले: 'फक्त या एका पावसाळ्यापुरता.' शिवाय आषाढात स्वतः पाहणीला येणार असल्याचे सांगितले. "एका जरी खाटेवर पाणी दिसलं, तर त्याच दिवशी वॉर्ड रिकामा करायचा. पुढचा पावसाळा मग विसरा." जाताना त्यांनी छापील तक्ता माझ्याकडून भरून घेतला. 'कारागीर' या रकान्यात मी 'स्थानिक मजूर' असे लिहिले. बातमीदाराने असे लिहायला नको होते. ती नावे हिरू आणि चिमा अशी होती.

वैशाखात वॉर्ड शाकारला. गवताच्या पेंड्या वळचणीपासून वर बांधत न्यायच्या, वरच्या पेंडीने खालच्या पेंडीची गाठ झाकायची. उतार इतका उभा ठेवला की आबा त्यावर दोरीला धरूनच चढत. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून गवताचे जाड पडदे टांगले. ते वरून खाली सोडायचे, पावसाळा संपला की उतरवायचे. ज्येष्ठाच्या सुरुवातीला रोगी राहुट्यांतून आत आले.

आषाढात इंजिनियरसाहेब सांगितल्याप्रमाणे आले. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. समोरच्या टेकाडावरच्या एका कोठाराचे पत्रे आदल्या दिवशी उडून भातखाचरात पडले होते. साहेब त्या कोठारावरूनच चालत आले. अंगावर रेनकोट होता, पण बुटांतून पाणी येत होते. आबा आधीपासून आत उभे होते. मावशी लावणीच्या दिवसांतही आली होती आणि दाराशी पाय दुमडून बसली होती. डॉक्टरांना त्या सकाळी चहा घेता आला नाही.

साहेबांनी खिशातून चाकू काढला. प्रत्येक खांबाच्या बुडाशी वाकून टोक खुपसून पाहिले. चौदा खांब होते, चौदाही पाहिले. चाकू कुठेच शिरला नाही. मग पश्चिमेच्या भिंतीवरून तळहात फिरवत गेले. मग खाटा. प्रत्येक गादीखाली हात घालून पाहिला. पाचव्या खाटेवर गिरणीतला एक जॉबर, म्हणजे मुकादम, होता. तो खोकला आवरत म्हणाला, "साहेब, थेंब सापडला तर मला पण दाखवा. पंधरा दिवस शोधतोय. दुसरा धंदा काय आहे इथं?"

साहेब पुढच्या खाटेकडे गेले.

बाराही खाटा कोरड्या होत्या. पण कोपऱ्यात डॉक्टरांच्या टेबलावर, आढ्यापासून खाली येऊन, एक थेंब पडला. मी पाहिला, आबांनी पाहिला, साहेबांनीही पाहिला. ते टेबलापाशी थांबले. दुसरा थेंब पडायला बराच वेळ लागला, पण पडला.

"टेबल ओलं आहे," साहेब म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "टेबलाला क्षय नाही."

आबा हळूच म्हणाले, "आड्याची पेंडी सरकली आसंल. उघडीप झाली की बसवतो."

साहेब त्याच टेबलाशी स्टुलावर बसले. टेबल रुमालाने पुसले, कागद मांडले आणि लिहू लागले. एक एक ओळ लिहीत, थांबत. मी उभा होतो तिथून अक्षरे दिसत नव्हती. गळती, आढे, दुरुस्ती एवढे त्यांच्या ओठांवरून कळले. डॉक्टर एका रोग्याची नाडी धरून उभे होते आणि ती मोजत नव्हते. साहेबांनी घड्याळ काढले. पुण्याची दुपारची गाडी होती. त्यांनी मान वर केली, क्षणभर कानोसा घेतला आणि कागद गोळा करीत म्हणाले, "पाऊस थांबला वाटतं. लगेच निघतो म्हणजे गाडी मिळेल."

आबांनी जाऊन दाराचा पडदा बाजूला केला.

बाहेर पाऊस होता तसाच होता. पन्नास पावलांवरचे आंब्याचे झाड दिसत नव्हते. पडदा बाजूला होताच त्याचा आवाज एकदम आत आला आणि खाटेवर झोपलेला एक रोगी चाळवला. आबांनी पडदा सोडला. आवाज पुन्हा बाहेर राहिला.

साहेब काही वेळ वर पाहत राहिले. मातीचा थर, त्यावर बांबू, त्यावर हातभर जाड गवत. लोणावळ्याचा पाऊस त्या गवतावर पडत होता आणि आत एका माणसाचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी खाटांकडे पाहिले. भर दुपारी बारांपैकी पाचजण झोपलेले होते.

"मी उतरलोय त्या विश्रामगृहावर पत्रा आहे," ते म्हणाले. "तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. जेवताना शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं." मग डॉक्टरांना विचारले, "हे रोज झोपतात?"

"रोज. वजनं वाढली आहेत. नऊजणांची."

साहेब पुन्हा बसले. फाल्गुनातला दाखला काढला. त्यातले चार शब्द एका सरळ रेघेने खोडले, रेघेशेजारी सही केली आणि कागद डॉक्टरांच्या हातात दिला. मग रेनकोटाची बटणे लावता लावता आबांना विचारले, बांबू कोणत्या पक्षात तोडता. आबांनी सांगितले. साहेबांनी ते वहीत लिहून घेतले.

ते गेल्यावर डॉक्टर तो कागद उलटसुलट करून पाहत राहिले. मावशीला वाचता येत नव्हते. तिने मला विचारले, "काय लिवलं, भाऊ?"

"लिहिलं काही नाही. चार शब्द खोडले."

"खोडले?" तिचा चेहरा उतरला. "म्हंजी घालवलं का समदं?"

"नाही मावशी," डॉक्टर म्हणाले. "कायमचा झाला. वॉर्ड कायमचा झाला. कोणी घरी जाणार नाही."

जॉबरने खाटेवरूनच टाळी वाजवली. मग शेजारच्याने. जागे होते ते सगळे वाजवू लागले आणि झोपलेले काय झाले म्हणून उठून बसले. मावशीने एकदा भिंतीवर तळहात ठेवला, जसा गाईच्या पाठीवर ठेवतात. मग पदर खोचला आणि कोपऱ्यातले इरले उचलून डोक्यावर घेतले.

"मंग चालले मी," ती म्हणाली. "लावनीचं खाचर आर्द्यावं सोडून आलीया."